खोपट्यातला ओव्हन

हाल्वर, नॉर्थ डकोटा
६ फेब्रुवारी २०१६

आर्डिसताई,

पत्र बघून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. फोनच करणार होतो. पण फोनवर मला अर्धं ऐकू येत नाही, आणि उरलेलं अर्धं तू ऐकू देत नाहीस. म्हणून लिहितोय.

गोष्ट नातीची आहे. मारेन आता दहा महिन्यांची झाली आणि अजून तिनं आपल्या घराचा उंबरा पाहिलेला नाही. दर वेळी आम्हीच सहा तास गाडी हाकत फार्गोला जातो, दोन दिवस तिच्याशी खेळतो आणि तोंड पाडून परत येतो. नाताळात आमचा डीन आणि सूनबाई कॅरिसा तिला घेऊन इकडे येणार होते. मार्लिसनं पाळणा झाडून ठेवला, मी जिन्याला फाटक बसवलं. आणि मग आमच्या बाईसाहेबांना दुर्बुद्धी सुचली. कपडे धुवायच्या खोलीला तिनं नवे पडदे शिवले होते, त्यांचा फोटो काढून हौसेनं सुनेला पाठवला. सुनेनं पडद्यांकडे ढुंकून पाहिलं नाही. तिनं पडद्यांच्या मागचं माझं टेबल पाहिलं.

टेबलावर काय असणार? माझे रायफलच्या गोळ्यांचे साचे, गोळ्यांचे डबे, गोळ्यांना मेण लावायचं यंत्र. शिसं वितळवून ओततो मी गॅरेजमध्ये, पण मेण लावणं, मोजणं, डब्यात भरणं हे सगळं चाळीस वर्षं त्या खोलीत चाललंय. कॅरिसा लहान मुलांच्या दवाखान्यात नर्स आहे हे तुला माहीत आहेच. तिनं फोन करून मार्लिसला शांतपणे सांगितलं की रांगणारं पोर जमिनीवरचं सगळं तोंडात घालतं, आणि तुमच्या जमिनीवर शिशाची धूळ आहे. तेव्हा घरात एक तर शिसं राहील, नाहीतर मारेन येईल. दोन्ही नाही.

मी म्हटलं, चाळीस वर्षं शिसं ओततोय, मला काय धाड भरली? तर म्हणाली, "बाबा, डीन सांगतो तुम्ही एकच गोष्ट तीनतीनदा सांगता." आता ते काय शिशामुळे? आपले बाबा चारदा सांगायचे, आणि त्यांनी जन्मात बंदूक धरली नाही.

सोडून दे म्हणशील. ताई, शनिवारी क्लबात सगळे नेम धरत बसणार आणि मी काय, विणकाम करू? पण नात मला हवीय. अगदी खरं सांगतो, हवीय. मार्लिसला वाटतं मला फक्त रायफलची पडली आहे, तसं नाही.

तू त्या रंगीत गोळ्या करतेस ना, पावडर लावून भाजलेल्या? रेमंडभावोजी असताना तुम्ही दोघं करायचात आणि आता एकटी करतेस. म्हणजे उघडं शिसं राहत नाही, मेण नाही, धूर नाही. मला ते सगळं शिकव. घरात कुठे मांडू तेही सांग.

तुझा,
ऑर्लो

\*

साल्ट वॉश, ॲरिझोना
१४ फेब्रुवारी

ऑर्ल्या,

"घरात कुठे मांडू" म्हणे! त्या पोरीनं इतकं समजावून सांगितलं आणि तू पुन्हा घरातच मांडायला निघालास. पालथ्या घड्यावर पाणी. सून शहाणी मिळाली आहे तुला, डीनपेक्षा तरी नक्कीच. तिचं ऐक.

आधी एक गोष्ट डोक्यात भर. गोळीवर रंगाचं कवच चढलं म्हणजे शिसं नाहीसं झालं असं नाही. कमी हाताला लागतं, कमी उडतं, एवढंच. ओतताना, चाळताना, उरलेलं गोळा करताना ते असतंच. म्हणून जागा घराबाहेर हवी. हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यावर ओढून नेतोस ते तुझं मासेमारीचं खोपटं आहे ना? या वर्षी तळ्यावरचा बर्फ पातळ म्हणून अंगणातच पडून असेल. तेच घे. भिंती आहेत, खिडकी आहे, आणि तिथे मार्लिस येत नाही.

आता ऐक. टेबलावर पत्रा ठोक म्हणजे ओल्या फडक्यानं पुसता येईल. झाडू मारायचा नाही, धूळ उडते. खिडकीत बाहेर हवा फेकणारा पंखा लाव. तोंडाला मास्क लाव, पावडरही फुप्फुसात जाण्याच्या लायकीची नाही. कामाचे कपडे आणि बूट तिथेच काढायचे. घरात शिरल्यावर आधी हात, मग मार्लिस.

गोळ्या घुसळायला प्लास्टिकचा डबा लागतो, पण कुठलाही नाही. बुडाला त्रिकोणात पाचाचा आकडा असलेला शोध. त्यात गोळ्या, खेळण्यातल्या बंदुकीचे काळे प्लास्टिकचे छर्रे आणि चमचाभर पावडर घाल आणि एक मिनिट गोल गोल फिरव. छर्रे घासले जातात, वीज तयार होते, पावडर गोळीला आपोआप चिकटते. रेमंड याला "डबा नाचवणं" म्हणायचा आणि स्वतःही नाचायचा. मग चिमट्यानं एकेक गोळी उचलायची, तव्यावर उभी करायची, एकमेकींना लागू द्यायची नाही. चारशे अंश फॅरनहाइटला वीस मिनिटं भाजायची. ओव्हनच्या बटणावर विश्वास ठेवू नकोस, आत वेगळा थर्मामीटर ठेव. बटण खोटं बोलतं.

थंड झाल्यावर एक गोळी हातोड्यानं चेपायची. रंगाचे टवके उडाले तर नापास.

आणि ओव्हन. ओव्हन वेगळा घे. एकदा त्यात गोळ्या भाजल्या की त्यात पुन्हा जन्मभर अन्न शिजवायचं नाही. जुनापुराणा, टेबलावर ठेवायचा छोटा चालेल. पण वेगळा. हे तीनदा लिहीत नाही, कारण मी तुझ्यासारखी नाही.

आर्डिस

\*

हाल्वर
२७ फेब्रुवारी

ताई,

जमलं! ताई, अगं जमलं!

खोपटं सजवलं. तू म्हणालीस तसा पत्रा ठोकला, पंखा लावला, गॅरेजमधून वायर ओढली. कपडे धुवायच्या खोलीतलं सगळं सामान हलवलं. मार्लिसनं ती खोली इतकी पुसली आहे की तिथे आता घसरायला होतं. बाहेर कडाक्याची थंडी आहे, पण खोपट्यात छोटी शेगडी आहे आणि मी आहे, भागतं.

एकच अडचण झाली. खोपट्याच्या जमिनीत भोक आहे हे तू विसरलीस. मीही विसरलो. मासे धरायला ठेवलेलं भोक, दुसरं कशाला? पहिल्या दिवशी टेबलावरून सतरा गोळ्या गडगडत गेल्या आणि भोकातून खाली बर्फात. मी पालथा पडून हात घालून त्या काढत होतो, तेवढ्यात शेजारचा नॉरवल आला. त्याला वाटलं मी अंगणातच गळ टाकून बसलोय. म्हणाला, "काही लागलं का?" मी म्हटलं, "सतरा." बिचारा गंभीर चेहऱ्यानं मान हलवून गेला. आता भोकावर फळी ठोकली आहे.

पावडर गुलाबी मिळाली. हसू नकोस. ट्रॅक्टरचे सुटे भाग रंगवणारा माणूस आहे ना, त्याच्याकडे अर्धा डबा उरला होता, कोणाच्या तरी मुलीच्या सायकलचा. फुकट दिला. पण हवा इतकी कोरडी आहे की मिनिटभरात पावडर अशी चिकटली, काय सांगू! एकेक गोळी लग्नाला निघाल्यासारखी. हातोड्यानं चेपली तर पापडासारखी चपटी झाली, पण रंगाला तडा नाही. शनिवारी क्लबात नेल्या. आधी सगळे फिदीफिदी हसले, मग माझा नेम बघून जवळ सरकले. दोघांनी हळूच पावडर कुठे मिळते विचारलं.

ओव्हनचं बघतोय. तूर्त सोय झाली आहे.

कॅरिसाला डीनतर्फे सगळं कळवलं. ती म्हणाली, "बघू." ताई, "नाही"वरून "बघू"वर आली! आपल्या चर्चमध्येच मारेनचा बाप्तिस्मा करायचा असं मार्लिसनं सुचवलंय. तसं झालं तर दोन रात्री पोर या घरात झोपेल.

तुझा,
ऑर्लो

ता. क. आर्डिसताई, मी मार्लिस. हे पत्र पोस्टात टाकायला मला दिलंय, पाकीट उघडंच होतं म्हणून दोन ओळी लिहिते. तुमच्या लिंबाच्या मुरंब्याबद्दल आभार. एक विचारायचं होतं, तुमच्याकडे ओव्हन कुठला आहे? आमचा बिघडलाय बहुतेक. हल्ली बिस्किटांना प्लास्टिक जळाल्यासारखा वास येतो. ऑर्लो म्हणतो, त्याला येत नाही.

\*

साल्ट वॉश
५ मार्च

ऑर्लो,

तुझी सोय कुठे झाली आहे ते मला कळलं. मार्लिस मंगळवारी बायबलच्या वर्गाला जाते तेव्हा, होय ना?

काय म्हणू तुला? सुनेच्या भीतीनं शिसं कपड्यांच्या खोलीतून काढलंस आणि थेट स्वयंपाकघरात नेलंस. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तू तर अतिही नाहीस आणि शहाणाही नाहीस.

त्या ओव्हनमध्ये आजपासून काहीही भाजायचं नाही. पाव नाही, बिस्किटं नाहीत, काही नाही. हे पत्र वाचून संपल्याबरोबर खुर्चीतून ऊठ आणि मार्लिसला सांग. आठवडाभरात तिचं पत्र आलं नाही तर मी तिला फोन करीन. तिला नीट ऐकू येतं.

आर्डिस

\*

हाल्वर
१९ मार्च

ताई,

सांगितलं. ऊठ म्हणालीस, उठलो, सांगितलं.

मार्लिस कढई घासत होती. मी म्हटलं आता हातातली कढई येणार. तर ती शांतपणे म्हणाली, "म्हणजे हा ओव्हन आता वापरायचा नाही?" मी म्हटलं, नाही. "कधीच नाही?" कधीच नाही. तिनं कोट चढवला, पर्स घेतली आणि मला गाडी काढायला लावली. अकरा वर्षं ती तो काचेच्या दाराचा नवा ओव्हन दुकानात जाऊन बघून येत होती, हे मला त्या दुकानदाराकडून कळलं. जुना आम्ही त्याच दिवशी भंगारात पोचवला. बाई गुणगुणत असते हल्ली. शिक्षा झाली ती फक्त मला.

खोपट्यासाठीही ओव्हन मिळाला. चर्चच्या तळघरात जुन्या वस्तूंचा बाजार होता, तिथे त्यांच्याच स्वयंपाकघरातला जुना टेबलावरचा ओव्हन मांडला होता. चार डॉलर. इर्मा हॅगननं, म्हणजे स्वयंपाकघर तिच्याच ताब्यात असतं, मला विचारलं, "काय भाजणार?" मी म्हटलं, "थोडं थोडं." ती म्हणाली, "डावीकडची बाजू जरा जास्त तापते हं." ताई, थर्मामीटर लावून पाहिला, खरंच तापते. बाई खोटं बोलत नाही.

आता मोठी बातमी. कॅरिसा हो म्हणाली! खोपट्याचे फोटो मागवले, घरातली जमीन पुसून बोळे मागवले, दवाखान्यातून तपासून घेतले, तेव्हा कुठे हो म्हणाली. माझं रक्तसुद्धा तपासायला लावलं. आकडा चांगला नाही, पण "खाली यायला लागेल" म्हणाली. शुक्रवारी आठ एप्रिलला येणार, दहाला रविवारी बाप्तिस्मा आणि नंतर चर्चमध्ये जेवण. तिची अट एवढीच की त्या आठवड्यात बुधवारपासून मी खोपट्यात पाऊल टाकायचं नाही. मान्य केलं. मला तिनं सांगितलं असतं तर मी महिनाभर आंघोळीच्या टबातच राहिलो असतो.

ऑर्लो

\*

साल्ट वॉश
२६ मार्च

ऑर्ल्या,

शाबास. हे लिहायला मला किती जड जातंय ते तुला कळायचं नाही.

मार्लिसला सांग, नव्या ओव्हनचा फोटो पाठव. पडद्यांसकट.

दोनच कामं राहिली, आळस करू नकोस. त्या छोट्या ओव्हनवर लाल रंगानं मोठ्या अक्षरांत लिही: अन्नासाठी नाही. आणि खोपट्याला कुलूप लाव. पोर आज रांगतंय, उद्या चालेल, आणि चालायला लागलेलं पोर नेमकं जिथे जाऊ नये तिथे जातं. तू जायचास.

बाप्तिस्म्याला मी येऊ शकत नाही, गुडघा नाही म्हणतोय. तिच्यासाठी रेमंडच्या आईची चांदीची वाटी पाठवली आहे. रडू नकोस चर्चमध्ये. तुझं रडणं फार मोठ्यानं असतं.

आर्डिस

\*

हाल्वर
१२ एप्रिल

ताई,

मी संपलो. बसून सगळं सांगतो, मध्ये ओरडू नकोस.

तू सांगितलेली दोन्ही कामं मी केली नव्हती. कुलूप लावायचं म्हणजे, ताई, तू इकडून जाऊन पन्नास वर्षं झाली, पण विसरली नसशील. हाल्वरमध्ये कोणी कुलूप लावतं का? नॉरवल दिवसातून दोनदा माझ्या आवारातून जातो. दाराला कुलूप दिसलं असतं तर त्याला वाटलं असतं मी त्याला चोर समजतो. चाळीस वर्षांचा शेजार. आणि लाल रंगानं लिहायचं तर लिहीन लिहीन म्हणत राहून गेलं. खोपट्यात माझ्याशिवाय जातो कोण, असं मनात म्हटलं.

शुक्रवारी ते आले. मार्लिसनं मारेनला कपडे धुवायच्या खोलीत, त्या पडद्यांच्या खाली, जमिनीवर सोडलं. पोर सरळ रांगत येऊन माझ्या पायाला धरून उभं राहिलं. उभं, ताई! पहिल्यांदा! माझा गुडघा धरून! कॅरिसा दारात हसत होती. ती माझ्याकडे बघून हसलेली मी पूर्वी कधी पाहिली नव्हती. त्या दोन दिवसांत मला जे मिळालं ते मला कोणी फाशी देऊन काढून घेतलं तरी माझं आहे.

रविवारी चर्च भरलेलं होतं, दीडशे माणसं. आम्ही पहिल्या बाकावर. पास्टर बाईंनी मारेनला हातात घेतलं, पाण्यात हात बुडवला. तेवढ्यात मागच्या बाकावरून नॉरवल पुढे वाकून माझ्या कानात, चांगल्या कानात, म्हणाला, "ऑर्लो, तुला सांगायचं राहिलं. गुरुवारी तुझ्या खोपट्यातून बर्फात भोक पाडायचा ड्रिल न्यायला आलो होतो. तिथे चर्चचा ओव्हन दिसला. वर पट्टी आहे 'चर्च स्वयंपाकघर' म्हणून. तू परत द्यायचं विसरलास वाटतं. मी देऊन आलो. आभार मानू नकोस."

पट्टी! ताई, ती इर्माच्या अक्षरातली चिकटपट्टी. आपल्याकडे चर्चच्या प्रत्येक भांड्यावर असते तशी. मी ती काढली नव्हती, रंग निघतो म्हणून. बाजारात मी तो विकत घेतला हे नॉरवलला माहीत नव्हतं. त्यानं फक्त नाव वाचलं आणि वस्तू जिथली तिथे पोचवली, कोणीही भला माणूस पोचवेल तशी. आणि रिकामं भांडं परत करू नये म्हणून बायकोनं केलेला केळ्याचा केक आत ठेवून पोचवला. इर्माला वाटलं, ऑर्लोला पसंत पडला नाही, म्हणून केकसकट परत केला. स्वयंपाकघरातला नवा ओव्हन छोटा पडतो म्हणून तिनं हाही कामाला लावला.

खाली तळघरातून भाजक्या पावांचा वास येत होता. हॅम घातलेले पाव. बाप्तिस्म्याच्या जेवणाचे.

मी उठलो. पास्टर बाई "पिता, पुत्र" म्हणत होत्या आणि मी बाकावरच्या माणसांच्या गुडघ्यांवरून उड्या मारत बाहेर. मार्लिसला वाटलं मला रडू आलं म्हणून बाहेर पळालो. जिना दोन दोन पायऱ्यांनी उतरलो. इर्मा दुसरा ट्रे बाहेर काढत होती. मी वायर उपटली. म्हटलं, "पहिला ट्रे कुठाय?" तिनं हात दाखवला. लांब टेबलावर बारा ताटं मांडलेली, चांगल्या ओव्हनमधले पाव आणि त्या ओव्हनमधले पाव एकमेकांत मिसळलेले. कुठला कुठला ते देव जाणे.

आता तुला जे सांगतोय ते अजून मार्लिसलाही सांगितलेलं नाही. मी तिथे तोंड मिटून उभा राहिलो. दहा मोजेपर्यंत तरी. मनात म्हटलं, ट्रे तर पुसलेला होता. एका पावानं काय होतंय? एकेक पाव खातील, घरी जातील, कोणाला काही कळणार नाही. ओव्हन मागच्या दारानं गाडीत टाकतो. बोललो तर कॅरिसाला कळणार, आणि कळलं की नात गेली. कायमची गेली. मोजत होतो, ताई, खरंच मोजत होतो.

मग वर गाणं सुरू झालं आणि रविवारच्या शाळेची पोरं धडधडत जिना उतरली. हल्वोरसनांची ती चार वर्षांची चिमुरडी सगळ्यांत पुढे. तिनं सरळ हात लांबवून पाव उचलला.

मी ओरडलो. कसं ओरडलो ते मला आठवत नाही, पण वरचं गाणं थांबलं. "खाली ठेव! कोणी खाऊ नका! त्या ओव्हनमध्ये मी शिशाच्या गोळ्या भाजल्यात!" चिमुरडीनं पाव खाली टाकला आणि भोकाड पसरलं. लोक जिन्यावर गोळा झाले. ताई, तुला माहीत आहे आपली माणसं, घराला आग लागली तरी "जरा ऊब वाढली" म्हणतात. त्यांच्यासमोर मी सगळं सांगितलं. गोळ्या, ओव्हन, पट्टी, माझा आळस. नॉरवलचा काही दोष नाही हेही सांगितलं, तरी तो बिचारा पांढराफटक पडून खुर्चीत बसला. पास्टर बाई म्हणाल्या, "तो केळ्याचा केक...?" त्यांनी शुक्रवारी दोन तुकडे खाल्ले होते.

इर्मानं बाराच्या बारा ताटं कचऱ्याच्या पिशवीत उलटी केली. दीडशे माणसांनी लोणची आणि लिंबाची जेली खाल्ली. आणि जिन्याच्या शेवटच्या पायरीवर कॅरिसा उभी, कडेवर मारेन, तिचे केस अजून ओले. माझ्याकडे बघत होती. बोलली काहीच नाही. तासाभरात त्यांची गाडी निघाली. डीननं हात हलवला, तिनं नाही.

आज दोन दिवस झाले. फोन नाही. मार्लिस खिडकीशी बसून असते. क्लबातले म्हणतात बोललास ते बरं केलंस, पण त्यांची नात नाही गेली. तू म्हणाली होतीस कुलूप लाव. आता काय लावू कुलूप?

ऑर्लो

\*

साल्ट वॉश
१८ एप्रिल

अरे वेड्या,

तू समजतोस तशी कॅरिसा गप्प नाहीये. मला बाप्तिस्म्याच्या रविवारी संध्याकाळीच तिचा फोन आला होता, तासभर. काय बोललो ते तिचं ती सांगेल. मी तुझं शनिवारी आलेलं पत्रही तिला फोनवर वाचून दाखवलं. तू दहा मोजलेस तो भागही. रागाव हवा तर. तुला तिच्यापासून काही लपवायचं असेल तर मला लिहू नकोस, कारण मी यापुढे तुझ्या बाजूनं लपवाछपवी करणार नाही.

आणि आपले बाबा चारदा नाही, पाचदा सांगायचे.

आर्डिस

\*

फार्गो
२१ एप्रिल

प्रिय बाबा,

मी फोन केला नाही, कारण फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि हे तुम्ही नीट ऐकायला हवं.

पहिलं म्हणजे, कोणाला काही झालेलं नाही. पास्टर बाईंना मी स्वतः फोन केला, केकच्या दोन तुकड्यांनी काही होत नाही. त्या पावांनीही कदाचित कोणाला काही झालं नसतं. एका जेवणानं सहसा होत नाही, रोज रोज थोडं थोडं पोटात गेलं की होतं. पण ते तुम्हाला त्या क्षणी माहीत नव्हतं.

मी रविवारी बोलले नाही, कारण मला राग आला होता. कुलूप आणि लाल रंग या दोन साध्या गोष्टी होत्या. त्या रागाबद्दल मी माफी मागणार नाही.

पण बाबा, माझ्याकडे दवाखान्यात रोज आईबाप येतात. रक्तातला आकडा वाढलेलं पोर मांडीवर असतं आणि मी विचारते, घरात काय आहे, जुना रंग, बॅटऱ्या, बंदुकीच्या गोळ्या? आणि ते म्हणतात, काही नाही. माझ्या डोळ्यांत बघून म्हणतात, काही नाही. मी त्यांच्या घरी तपासायला गेले की शेडमध्ये सगळं सापडतं. सहा वर्षांत एकाही माणसानं मला आपणहून सांगितलेलं नाही. तुम्ही दीडशे माणसांसमोर सांगितलंत, आणि सांगितल्यावर तुम्हाला काय गमवावं लागेल हे माहीत असताना सांगितलंत. आर्डिसआत्यांनी मला ते दहा मोजल्याचं वाचून दाखवलं. मी तुमच्या जागी असते तर वीस मोजले असते.

तेव्हा आता माझं ऐका. खोपट्याला कुलूप, किल्ली मार्लिसआईंकडे. तो ओव्हन इर्माबाईंनी तुमच्या दारात आणून ठेवलाय असं कळलं, त्यावरची पट्टी काढा. सप्टेंबरात पुन्हा रक्त तपासून घ्या.

डीनला आणि मला जूनमध्ये कामासाठी पंधरा दिवस बाहेर जायचंय. मारेनला कोणाकडे ठेवायचं यावर आम्ही महिनाभर भांडत होतो. आता भांडण संपलं. पाच जूनला तिला घेऊन येतो.

तुमची,
कॅरिसा

\*

(पोस्टकार्ड)

हाल्वर
२५ एप्रिल

ताई,

पोर येतेय! पंधरा दिवस! आईबापाशिवाय, आमच्याकडे! कुलूप लावलं. नॉरवलनं स्वतः आणून दिलं, म्हणाला लाव बाबा, मला तुझ्या खोपट्यात आता पाऊल टाकायचं नाही. मार्लिस सकाळपासून रडतेय आणि नव्या ओव्हनमध्ये काहीतरी भाजतेय.

डीनच्या वेळी मी लंगोटाला हात लावला नव्हता. ते कसं करतात ते पहिल्या पायरीपासून लिही, काही गाळू नकोस. या वेळी सांगशील ते सगळं करीन.

ऑर्लो